१६ नंबरच्या जर्सीचं काय करू? हॉकीवेड्यांनी (आणि हॉकीग्रस्तांनी) लिहा

बर्फाळ_सांगलीकर (२ जुलै २०२५)

कॅनडा डेच्या सुट्टीचा मुहूर्त साधून बायकोने काल बेसमेंट आवरायला लावलं. पहिल्याच खोक्यात लेकाची जुनी जर्सी निघाली. आमच्या टोरंटो मेपल लीफ्सची (बर्फावरच्या हॉकीची टीम), निळी, पाठीवर १६, मार्नर. आणि मार्नर आदल्याच दिवशी व्हेगासला गेलेला! आठ वर्षं, वर्षाला १२ मिलियन. बदल्यात आपल्याला निकोला रॉय. लेक आता सतरा वर्षांचा घोडा झालाय, म्हणाला, "बाबा, देऊन टाका कुणाला तरी." मी गुपचूप परत खोक्यात ठेवली.

जर्सी हातात घेतली आणि १३ मे २०१३ आठवला. आमचे बाबा सांगलीहून आले होते. क्रिकेटशिवाय दुसरा खेळ त्यांच्या लेखी खेळच नाही, पण टीव्हीसमोर बसले बिचारे. बॉस्टनविरुद्ध सात मॅचच्या मालिकेतली सातवी, तिसऱ्या पिरियडमध्ये लीफ्स ४-१ पुढे. मी म्हटलं, झालं आता, ताटं घ्या. पिठलं-भात वाढला. ४-२ झालं तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं. मग शेवटच्या दीड मिनिटात त्यांनी दोन ठोकले आणि ओव्हरटाइममध्ये बर्जरॉनने पाचवा. माझ्या ताटातलं पिठलं गार होऊन त्यावर साय धरली. बाबा हात धुवायला उठले आणि एकच शब्द बोलले, "शारजा."

तेव्हापासून दर मे महिन्यात सांगलीहून फोन. "हरले का रे तुमचे निळे?" यंदा फ्लोरिडाविरुद्ध २-० पुढे होतो तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं, दृष्ट लागायला नको म्हणून. तरी सातवीत घरच्या मैदानावर ६-१ ने गेलो. म्हणजे दृष्ट बाबांची नव्हती.

तर आता पुढे काय? कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) ८८ वरून ९५.५ मिलियनवर गेलीय. टवारेस ४.३८ वर राहिला (आधी ११ घेत होता! आपल्या मिसिसॉगाचं पोर, घरच्यांसाठी पाणी सोडलंन). नीसला ७.७५ वर सहा वर्षं बांधला. नवीन पोरांत माझी सगळी भिस्त ईस्टन कवनवर. लंडन नाइट्सने मेमोरियल कप (ज्युनियर पोरांचा) जिंकला त्यात स्पर्धेतला सर्वोत्तम तोच होता. त्याच्यामागे मात्र कणगी रिकामी. यंदाच्या ड्राफ्टमधला (टीमनी नवीन पोरं निवडायची ती वेळ) पहिल्या फेरीचा पिक शिकागोला दिलेला, पुढच्या वर्षीचा बॉस्टनला (वरच्या पाचात आला तरच आपल्याकडे राहणार), २०२७ चा फिलाडेल्फियाला. बियाणं विकून दिवाळी केल्यावर पेरणार काय?

तुमची टीम कोणती, यंदा काय वाटतंय, आणि मुळात या नादाला लागलात कसे? लिहा. ऑक्टोबरपर्यंत दुसरं करायचंय काय.

चकलीचोर

१९६७. लीफ्सचा शेवटचा कप.

एवढंच बोलून मी खाली बसतो.

ब्रॅम्प्टनची_काकू

मार्नर नि कवन मला माहीत नाहीत. मला हॉकीची बॅग माहितीय.

हॉकी बॅगेचा वास हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. मुलगा आठ वर्षांचा असताना सासूबाई आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, गॅरेजमध्ये उंदीर मेलाय. सगळं गॅरेज उपसलं. उंदीर काही सापडेना. मग बॅगेची चेन उघडली नि दोघी मागे सरलो. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर पॅड, हातमोजे, हेल्मेट सगळं मागच्या कुंपणावर ओळीने वाळत घातलेलं आणि खाली धूप लावलेला. समोरची इटालियन आजी दुर्बीण असल्यासारखी बघत होती.

रविवारी पहाटे साडेपाचला रिंकवर जायचं, बाहेर उणे अठरा, आत त्याहून गार वाटायचं. लेस ओढून ओढून बोटांना घट्टे पडले. आणि एवढं करून साहेबांनी तेराव्या वर्षी सांगितलं, मला गिटार शिकायचंय. स्केट अजून आहेत, साइझ ५, कुणाला हवे असतील तर कळवा.

शार्क_शेजारी

सॅन होजे शार्क्सवाले हजर आहेत. तुमच्याकडे मेमध्ये रडायचं असतं, आम्ही डिसेंबरातच मोकळे होतो. सलग दोन वर्षं सगळ्या लीगमध्ये शेवटचे. २०२३-२४ ला ८२ पैकी १९ जिंकल्या. ऑफिसात तिकिटं फुकट वाटायचे आणि लोक "या शनिवारी नको, कपडे धुवायचेत" म्हणायचे. मी जायचो. मोकळ्या खुर्च्या, पाय पसरून बसायचं. तिथेच नाद लागला.

पण आता आमच्याकडे बघा. गेल्या वर्षी जूनमध्ये इथे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (बीएमएम) अधिवेशन होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी जेवणाच्या रांगेत, एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन. तिकडे व्हेगासला ड्राफ्ट चालू. पहिला नंबर सेलेब्रिनी! मी ओरडलो. पुढच्या काकांना वाटलं श्रीखंड संपलं.

पोरगं नुकतंच अठरा वर्षांचं झालं होतं तेव्हा. पहिल्याच वर्षी ७० मॅचमध्ये ६३ पॉइंट. वडील इथेच वॉरियर्सकडे खेळाडूंची दुखणीखुपणी बघतात, म्हणजे घरूनच डबा. यंदाही शेवटचे आलो, पण ड्राफ्टच्या लॉटरीत पहिला नंबर आयलंडर्सना लागला. आम्हाला दुसऱ्या नंबरवर मायकेल मीसा. तक्रार नाही. दोन वर्षं थांबा, मग बोलू.

शिवाय गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या थॉर्नटनचं हॉल ऑफ फेममध्ये नाव आलं. दाढीला दंडवत.

बर्फाळ_सांगलीकर

@शार्क_शेजारी, "दोन वर्षं थांबा" आम्ही १९६७ पासून म्हणतोय. श्रीखंड मिळालं का शेवटी?

शार्क_शेजारी

संपलं होतं.

एडमंटन_उणे_तीस

तुम्ही लीफ्सवाले दुसऱ्या फेरीत हरता, त्याचं दुःख लहान असतं. आम्ही लागोपाठ दोनदा फायनलला हरलो, दोन्ही वेळा फ्लोरिडाकडून. २०२४ ला ०-३ वरून ३-३ केलं आणि सातवी २-१ ने घालवली. त्या रात्री आमच्या मॅकडेव्हिडला कॉन स्मिथ (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जाहीर झाला, तो घ्यायला बाहेरच आला नाही. मी सोफ्यावर तसाच झोपलो, जर्सी घालून. सकाळी मुलीने विचारलं, बाबा आजारी आहेत का. बायको म्हणाली, हो.

यंदा आमचे पेरी लॉस एंजेलिसला, ब्राउन न्यू जर्सीला, केन व्हँकुव्हरला. गोलकीपरचा प्रश्न तिथेच. ड्रायझाइटलचे १४ मिलियन आता सुरू होणार. आणि मॅकडेव्हिडचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतोय, कालपासून तो नवी सही करू शकतो. करत नाहीये. इथे ऑफिसात पावसाची चौकशी करावी तशी रोज सकाळी चौकशी होते, "केली का?" "नाही अजून."

केली की मला उठवा.

खडकीकर_जुना

हॉकी दिसलं म्हणून धागा उघडला. बर्फ बघून चुकल्यासारखं झालं. आमच्याकडे हॉकी म्हणजे मातीत. आमच्या खडकीत संध्याकाळी नुसती स्टिकची टकटक असायची. मोडली की सुतळी गुंडाळायची आणि परत मैदानात. धनराज पिल्ले आमच्या ऑर्डनन्स फॅक्टरी वसाहतीतला. १९९२ ते २००४, चार ऑलिंपिक. तो पळायला लागला की बचाव करणाऱ्याची कीव यायची.

तुमच्या कपाचं चालू द्या, पण आपल्या टीमचंही कुणी बघतंय का? टोकियो, पॅरिस, लागोपाठ दोन ब्राँझ. आणि गेल्या महिन्यात युरोपात प्रो लीगमध्ये सलग सात हरलो. आठवी बेल्जियमबरोबर ४-३ जिंकली तेव्हा कुठे घास गिळला. श्रीजेश निवृत्त झाल्यापासून शेवटच्या पाच मिनिटांत माझा जीव वरखाली होतो. ऑगस्टअखेर राजगीरला आशिया कप आहे. जिंकला तर थेट पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात. हरमनप्रीतच्या ड्रॅगफ्लिकवर किती दिवस जगायचं? मैदानी गोल कुठे आहेत?

बर्फाळ_सांगलीकर

काका, चुकलं नाही, या बसा. धागा हॉकीचा आहे, पृष्ठभाग कुठलाही चालेल.

सरेची_सून

मला तर हा खेळ पंजाबीतून कळला! व्हँकुव्हरजवळ सरेला आले तेव्हा घरमालक सरदारजी. शनिवारी त्यांच्याकडे पंजाबी कॉमेंट्रीवर मॅच लागायची. ऑफसाइड म्हणजे काय ते मला आजही इंग्रजीत धड सांगता येत नाही. २०१६ ची ती "बोनिनो बोनिनो बोनिनो" आठवते ना? बोनिनोने गोल मारल्यावरची हरनारायण सिंगांची कॉमेंट्री. आमच्या घरी अजून कुकरची शिट्टी झाली की मुलगा तसा ओरडतो.

मराठीत का नाही कुणी करत?

चकलीचोर

करू की. पक = चकती. पेनल्टी बॉक्स = अंगठे धरून उभा. पॉवर प्ले = त्यांच्यातला एक अंगठे धरून उभा असताना आपण हात धुऊन घेणे. झँबोनी (बर्फ गुळगुळीत करायची गाडी) = सडासारवण.

शार्क_शेजारी

आइसिंग?

चकलीचोर

संकट आलं की सामान दुसऱ्याच्या अंगणात फेकणे. आमच्या सोसायटीत रोज होतं.

ब्रॅम्प्टनची_काकू

चकलीचोर, तुम्ही ते मागच्या दिवाळीला मंडळात भाजणीबद्दल भांडणारे का?

चकलीचोर

भांडलो नव्हतो काकू. सुधारणा सुचवली होती.

पँगाँगपर्यंत

रोमात (नुसतं वाचत) होते, लेहचं कुणी लिहीना म्हणून आले. जानेवारीत गेले होते नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे. गोठलेल्या पाण्यावर पोरी खेळत होत्या, मी दोन स्वेटर, एक जॅकेट, वर शाल, तरी दात वाजत होते. एका मुलीला विचारलं, उन्हाळ्यात काय करता? म्हणाली, "थंडीची वाट." गेल्याच महिन्यात अल ऐनला आशिया कपमध्ये आपल्या मुलींनी ब्राँझ आणलं. बर्फावरच्या हॉकीचं! टीममध्ये बहुतेक लडाखच्याच आहेत. पेपरात आतल्या पानावर एवढुशी बातमी होती, मी कापून फ्रिजवर लावलीय.

खडकीकर_जुना

वा! हे माहीत नव्हतं. पोरींचं अभिनंदन. आता बर्फाला नावं ठेवणार नाही.

एडमंटन_उणे_तीस

सही झाली का?

शार्क_शेजारी

नाही. झोपा.

सरेची_सून

जर्सीचं राहिलंच की. टाकू नका हो. आमची आजी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायची, तशी जर्सींची शिवा. लीफ्स सोडून गेलेल्यांची एक अख्खी गोधडी होईल.

चकलीचोर

डबलबेडची.

बर्फाळ_सांगलीकर

हाहाहा, पण कल्पना पटली. खोक्यात अजून तीन निघाल्यात, त्यातली एक फानफची आहे.

आत्ता बाबांना फोन केला होता. म्हटलं, मार्नर गेला. "कुठे?" "लास व्हेगासला." बाबा जरा थांबून म्हणाले, "जुगारात लावला होता का रे?" मग म्हणाले, "तो टवारेस आहे ना अजून? मिशी नसलेला?" बारा वर्षांत माणसाने कधी एक मॅच पुरी बघितली नाही, आणि टवारेस पाठ!

ब्रॅम्प्टनची_काकू

गोधडीला सुई जाड घ्या, ते कापड ताणतं. आणि आधी गरम पाण्यात व्हिनेगर घालून दोनदा धुवा. माझं ऐका. दोनदा.