मदत हवी आहे: आठ जणांच्या व्यवसायासाठी सायबर इसेन्शियल्स प्रमाणपत्र, जुना संगणक आणि स्वतःचे फोन यांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

आमचा भाषांतर आणि डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे, माझ्यासकट आठ माणसं. आयटीसाठी वेगळा माणूस नाही, जे काही असेल ते मीच बघते. आमच्या एका जुन्या ग्राहकाने कळवलंय की पुढचा करार हवा असेल तर सायबर इसेन्शियल्सचं प्रमाणपत्र लागेल. त्यांच्या फायलींमध्ये लोकांची नावं, पत्ते, कधीकधी आजारांची माहितीही असते. त्यामुळे मागणी रास्तच आहे, आणि मला हे नीट करायचं आहे, नुसता कागद मिळवायचा नाही.

वाचून जे समजलं ते आधी लिहिते, चुकत असेन तर सांगा. ही ब्रिटिश सरकारची योजना, २०१४ पासून चालू. पाच गोष्टी बघतात: फायरवॉल (नको ती इंटरनेट वाहतूक अडवणारी व्यवस्था), उपकरणांची सुरक्षित सेटिंग्ज, वेळच्या वेळी अपडेट, कोणाला कशाचा अ‍ॅक्सेस आहे ते, आणि मालवेअर म्हणजे घातक प्रोग्रामपासून बचाव. पहिल्या पातळीला आपणच प्रश्नावली भरायची, ती परीक्षक तपासतात. प्रमाणपत्र १२ महिने चालतं.

आता जिथे अडलंय ते. आमच्याकडे एक मोठा स्कॅनर आहे, त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोज ७ वर चालतो. तो संगणक बाकीच्यांच्याच नेटवर्कवर आहे. स्कॅनर टाकून देणं परवडणार नाही. दुसरं, सगळे जण ऑफिसची मेल स्वतःच्या फोनवर बघतात. ते फोन माझे नाहीत, मग त्यांची जबाबदारी माझी कशी? तिसरं, फॉन्ट सारखे बसवावे लागतात म्हणून सगळ्यांना अ‍ॅडमिन अधिकार दिलेले आहेत.

शिवाय एका सल्लागाराने सांगितलं की त्यांचं अँटिव्हायरस पॅकेज घेतलं तर प्रश्नावलीही तेच भरून देतील, मी फक्त सही करायची. घाई आहे म्हणून मोह होतोय. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. तसं करू नका. उत्तरं खरी आहेत असं मालक किंवा संचालक सही करून जाहीर करतो, म्हणजे जबाबदारी तुमची. परक्या माणसाने अंदाजाने लिहिलेल्या उत्तरांखाली तुमचं नाव जाईल. सल्ला जरूर घ्या, पण उत्तर तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. प्रश्नावली आधीच फुकट डाउनलोड करता येते. पैसे भरण्याआधी ती छापून घ्या आणि पेन्सिलने भरायला लागा.

माझे पहिले चार दिवस फक्त यादी करण्यात गेले. कोणता लॅपटॉप, त्यावर विंडोजची कोणती आवृत्ती, कोणता फोन, राउटर कुठला, आणि कोणकोणत्या क्लाउड सेवा. हे शेवटचं लोक विसरतात. मेल, फाइल शेअरिंग, हिशेबाचा प्रोग्राम, सगळं त्यात येतं. क्लाउड सेवा वगळता येत नाहीत. आणि जिथे मल्टी-फॅक्टरची (पासवर्डशिवाय कोडसारखा आणखी एक पुरावा मागण्याची) सोय आहे तिथे ती चालू करायची. यादी पक्की झाली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, तो संगणक आहे तसा ठेवून पास होणार नाही. पण स्कॅनर टाकून द्यावा लागणार नाही. त्या संगणकाला वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कमधला वेगळा केलेला भाग) टाका, इंटरनेटकडे जाणारी-येणारी सगळी वाहतूक फायरवॉलवर बंद करा, आणि स्कोपच्या, म्हणजे प्रमाणपत्रात काय काय मोजायचं त्याच्या, वर्णनात ते स्पष्ट लिहा. स्कॅन पेन ड्राइव्हने आणणार असाल तर बाकीच्या संगणकांवर ऑटोरन (ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होणं) बंद हवा. विंडोज १० वर कोणी असेल तर तेही बघा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

प्रतिसाद

फोनबद्दल. फोन कोणाचा हे बघत नाहीत, त्यावर ऑफिसचा डेटा येतो का हे बघतात. मेल उघडत असेल तर फोन स्कोपमध्ये आला: त्याला अपडेट मिळत असले पाहिजेत, लॉक हवा, आणि गंभीर त्रुटींचे अपडेट १४ दिवसांत बसवायला हवेत. फक्त बोलणं, एसएमएस किंवा लॉगिनचा कोड घेणं एवढंच असेल तर तो बाहेर राहतो. आमच्याकडे दोघांचे फोन फार जुने होते, त्यांनी फोनवरून मेल काढून टाकली. कोणावर सक्ती करावी लागली नाही, पण कारण नीट समजावून सांगावं लागलं. खाजगी फोनमध्ये ऑफिस डोकावणार अशी भीती माणसाला वाटते, ती साहजिक आहे.

अ‍ॅडमिन अधिकार मात्र काढायलाच हवेत. रोजच्या कामाला साधं खातं, अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, आणि त्यावरून मेल वाचायची नाही की ब्राउझिंग करायचं नाही. विंडोज ११ मध्ये फॉन्ट फक्त आपल्या खात्यापुरता बसवायला अ‍ॅडमिन लागत नाही. काही जुन्या डीटीपी प्रोग्रामना असे फॉन्ट दिसत नाहीत, तेवढे तुम्ही अ‍ॅडमिन खात्यातून बसवून द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सल्लागाराला नकार कळवला. यादी केली आणि धक्काच बसला: फाइल शेअरिंगवर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एकीचं खातं अजून चालू होतं, ग्राहकाच्या सगळ्या फोल्डरांसकट. ती चांगली मुलगी आहे, तिने काही केलं नसणार. पण तिचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या हाती लागला असता तर मला कळलंही नसतं. लगेच बंद केलं.

एक शेवटची शंका. तिघं घरून काम करतात. त्यांच्या घरचे राउटरही मोजायचे का?

प्रतिसाद

राउटर तुम्ही दिलेला नसेल तर नाही. मग लॅपटॉपवरचीच फायरवॉल महत्त्वाची ठरते, ती तिन्हींवर चालू आहे ना ते स्वतः बघा. आणि त्या जुन्या खात्याच्या लॉगिनची नोंद सेवेत मिळते का तेही तपासा. गेल्या काही महिन्यांत त्यावरून कोणी शिरलं असेल तर ग्राहकाला तुमच्याकडूनच आधी कळायला हवं.