अनुभव धागा : फुटबॉलचे कोच समोरच्या क्लबात गेले, आता काय काय बदलायचं?

धागाकर्ता, सांगली
ऐन सीझनमध्ये कोच समोरच्या क्लबात जाणं आता आपल्याकडंही नवीन राहिलेलं नाही. सांगली-मिरज अंतर ते केवढं, मैदानं तीच, पोरं एकमेकांच्या वर्गातली. पहिले दोन दिवस ग्रुपवर 'गद्दार' आणि 'पैशासाठी गेला' एवढंच चालतं. तिसऱ्या दिवशी कळतं की बॉलच्या कपाटाची किल्लीसुद्धा सरांकडंच आहे. हा धागा त्या तिसऱ्या दिवसासाठी आहे. क्लबचं किंवा सरांचं नाव घेऊ नका. 'आमच्या वेळी' नको. काय करायचं, कुठं फसतं आणि का फसतं, तेवढं लिहा.

स्टॉपर बॅक, मिरज
सुरुवात कॉर्नर किकपासून करा. बहुतेक संघ फक्त मारणाऱ्याच्या खुणा उलट्या करतात. एक हात वर म्हणजे बॉल गोलच्या जवळच्या खांबाकडं, जवळचा पोस्ट होता, तो लांबचा करतात. याचा उपयोग शून्य, कारण सर हात बघतच नाहीत. कोण कुठं उभा आहे ते बघतात. उंच गडी पेनल्टी स्पॉटच्या मागं दोघांच्या आडोशाला उभा राहिला की तो कुठं पळणार, हे त्यांनीच शिकवलंय. म्हणून उभं राहायच्या जागा बदला, शेवटची धाव तीच राहिली तरी चालेल.

नवीन कॉर्नर दोनच बसवा. एकाला २०-२० मिनिटांची चार सत्रं धरा, त्यातली शेवटची दोन बचाव उभा करून. पाच प्रकार शिकवले तर मॅचमध्ये एकही आठवत नाही. जुन्यातला एक मुद्दाम तसाच ठेवा आणि पहिल्या कॉर्नरला तोच दाखवा. बचाव एकदा त्या बाजूला सरकला की पुढच्या वेळी नवीन काढता येतो.

पेनल्टी मारणारा मात्र बदलू नका. त्याची बाजू सरांना माहीत आहे, ते गोलकीपरला सांगणार, आणि हे मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग तो धाव घेता घेता बाजू बदलतो आणि बॉल बाहेर जातो. बाजू आठवडाभर आधी ठरवायची, सरावात तीच मारायची, धावताना डोकं चालवायचं नाही.

बचावफळी पुढं सरकताना जी हाक असते तीही बदला. समोरच्यानं फसवायला आपली हाक दिली तर नियमात ते गैरवर्तन आहे, पिवळं कार्ड मिळतं. पण गोंगाटात रेफ्रीला ते ऐकू येईलच असं नाही.

शाहूपुरी, सातारा
मैदानावरचं सगळं नंतर, आधी कागद. क्लबमध्ये सगळ्यात आधी बोंब होते ती इथं.

एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या ऑनलाइन नोंदणीवर खेळाडूंची नोंद क्लबच्या लॉगिनमधून होते. छोट्या क्लबात ते लॉगिन नव्वद टक्के वेळा कोचनं स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं, कारण कमिटीतल्या काकांना ते जमत नाही. कोच गेले की पासवर्ड बदलायची लिंक त्यांच्याच मेलवर जाणार. संबंध गोड आहेत तोवर, म्हणजे पहिल्या दोन दिवसांतच, सेक्रेटरींनी शेजारी बसून ईमेल आणि मोबाइल नंबर बदलून घ्यावा. भांडण झाल्यावर हेच काम पंधरा दिवस खातं, आणि तेवढ्यात प्रवेशिकेची तारीख निघून जाते.

मग बाकीचं : मुलांचे जन्मदाखले आणि आधारच्या प्रती (गूगल ड्राइव्हची मालकी कुणाची आहे ते बघा, नुसता 'शेअर' असून भागत नाही), फिटनेसच्या नोंदी, मॅचचे व्हिडिओ, वॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद. सामानाची यादी दोघांच्या सहीनं करावी. बॉल साइज ४ किती, साइज ५ किती, बिब्स (सरावाची रंगीत बनियनं), कोन, जाळ्या, पंप आणि सुया. सुई कधीच सापडत नाही. एक पाकीट नवीनच आणा.

कृष्णाकाठ
गद्दार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पोरांना घरच्यासारखं सांभाळलं म्हणतात, आणि सहा महिन्यांत समोरच्या बाकावर जाऊन बसतात. कागद-बिगद ठीक आहे, पण ही गोष्ट पटत नाही म्हणजे नाही.

धागाकर्ता, सांगली
@कृष्णाकाठ, पटू नयेच. पण मानधन तीन-तीन महिने थकवायचं, करार लेखी द्यायचा नाही आणि निष्ठा मात्र मागायची, हेही पटत नाही ना? नोटीस किती दिवसांची हे ज्यांनी कागदावर लिहिलं नाही, त्यांना 'असं अचानक कसं गेले' विचारायचा हक्क अर्धाच उरतो.

युरोपचा नाद, कराड
मोठ्या क्लबांतली उदाहरणं देतो, कारण लोकांचा राग कसा चालतो ते त्यात दिसतं.

इंग्लंडमधले कोच ॲलेक्स मॅकलीश. फेब्रुवारी २०११ मध्ये बर्मिंगहॅम सिटीनं त्यांच्या हाताखाली आर्सेनलला २-१ हरवून लीग कप जिंकला, मे महिन्यात तोच संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि जूनमध्ये हे साहेब राजीनामा देऊन त्याच शहरातल्या ॲस्टन व्हिलाकडं. यात बर्मिंगहॅमवाले चिडले हे समजतं. पण व्हिलाच्या लोकांनीही स्वतःच्या मैदानाबाहेर निदर्शनं केली. त्यांना बर्मिंगहॅमवाल्यांचा माणूस नको होता, शिवाय खेळ कंटाळवाणा. संघ १६ वा आला आणि मे २०१२ मध्ये मॅकलीशना काढलं. म्हणजे दोन्ही घरांत पाहुणे.

हॅरी रेडनॅप उलटे. नोव्हेंबर २००४ मध्ये पोर्ट्समथ सोडलं, डिसेंबरात शेजारच्या कट्टर विरोधी साउदॅम्प्टनला गेले. एप्रिल २००५ मध्ये पोर्ट्समथनं त्यांनाच ४-१ हाणलं आणि त्या सीझनअखेर साउदॅम्प्टन खाली गेलं. डिसेंबर २००५ मध्ये गडी परत पोर्ट्समथला! शिव्या देणाऱ्यांनीच पुढं २००८ चा एफए कप त्यांच्यासोबत मिरवला.

इटलीत अंतोनियो काँते तर युव्हेंटसचेच खेळाडू, कप्तान, मग कोच म्हणून लागोपाठ तीन विजेतेपदं. २०१९ मध्ये विरोधी इंटर मिलानला गेले. युव्हेंटसच्या स्टेडियमवर त्यांच्या नावाचा तारा आहे, तो काढा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज फिरवला. २०२१ मध्ये इंटरनं लीग जिंकून युव्हेंटसची सलग नऊ विजेतेपदांची माळ तोडली. तिथं राग फुकटचा नव्हता एवढंच म्हणतो.

फातोर्डा एक्स्प्रेस, मिरज
लांब कशाला, आपली आयएसएल (इंडियन सुपर लीग) घ्या. एफसी गोवाच्या चाहत्यांइतकं हे कुणी सोसलं नसेल.

सर्जिओ लोबेरा यांना गोव्यानं जानेवारी २०२० अखेर काढलं, तेही संघ गुणतक्त्यात वर असताना. ते मुंबई सिटीला गेले, आणि अहमद जाहू, ह्युगो बुमू, मुर्तादा फॉल, मंदार राव देसाई हे चौघेही गोव्यातून मुंबईत आले. इथं बघा : कोच एकटा जात नाही, त्याच्या पद्धतीचा कणा असलेले खेळाडू मागून जातात. २०२०-२१ च्या सेमीफायनलमध्ये मुंबईनं गोव्यालाच पेनल्टीवर ६-५ असं बाहेर काढलं. फायनलला गोव्यातल्याच फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला २-१ हरवलं, बिपिन सिंगचा गोल ९० व्या मिनिटाला.

गोव्याचे त्यानंतरचे कोच हुआन फेरांडो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्युरँड कप जिंकून दिला, आणि डिसेंबरात ऐन लीग चालू असताना मोहन बागाननं करारातल्या रिलीज क्लॉजची रक्कम भरून त्यांना उचललं. गोव्याला अडवता आलं नाही, कारण कलम करारातच होतं. डेरिक परेरांनी सूत्रं घेतली, संघ अकरांत नववा.

यातून आपल्या क्लबानं घ्यायचं ते एकच : बाहेर पडायची किंमत लिहिताना तारीखही लिहा. स्पर्धा सुरू झाल्यापासून शेवटच्या मॅचपर्यंत वेगळी, जास्तीची अट. आणि पहिला कणा कोण ते ओळखून त्या दोन-तीन पोरांशी त्याच संध्याकाळी बोला. आठवड्यानं नाही.

जुना ट्रान्झिस्टर, सातारा
कोलकात्यात हे १९७६ मध्येच होऊन गेलंय मंडळी. पी. के. बॅनर्जी १९७२ पासून ईस्ट बंगालचे कोच. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलला मोहन बागानला ५-० चा मार. पुढच्या वर्षी पी. के. मोहन बागानकडं, आणि लीगमधल्या या दोघांच्या लढतीत (डर्बीत) मोहम्मद अकबरचा गोल सतराव्या सेकंदाला. ईस्ट बंगालचा सलग सहा वर्षांचा लीगवरचा ताबा गेला.

१९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलला पी. के. परत ईस्ट बंगालच्या बाकावर, समोर मोहन बागानचे कोच अमल दत्ता आणि त्यांची 'डायमंड' रचना, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर लाखावर माणूस. ईस्ट बंगाल ४-१, बायचुंगची हॅट्ट्रिक. दोघांनीही दोन्ही क्लब सांभाळलेले. तिथल्या लोकांनी शिव्याही दिल्या आणि खांद्यावरही घेतलं.

स्टॉपर बॅक, मिरज
सतरा सेकंद! म्हणजे किकऑफचा डावसुद्धा आधी ठरवून ठेवायला पाहिजे.

कबड्डीवाला, वाळवा तालुका
लुडबुड करतो. आमच्याकडं बी. सी. रमेश सरांनी २०१९ ला बंगाल वॉरियर्सला प्रो कबड्डी जिंकून दिली, १० व्या सीझनला पुणेरी पलटणला. कुणी गद्दार म्हटलं नाही. लिलावाचा खेळ आहे, गडीच दर दोन-तीन वर्षांनी बदलतात तिथं कोचवर कोण रुसणार? फुटबॉलवाले लय मनाला लावून घेता राव.

डगआउट, विश्रामबाग
सगळे 'सरांना आपलं सगळं माहीत आहे' म्हणतायत. उलटही आहे की. आपल्याला सर माहीत आहेत, आणि त्यांच्या नवीन पोरांना अजून ते पुरते माहीत नाहीत.

मागं राहिलेल्या असिस्टंट कोचला तासभर बसवा आणि लिहून घ्या : पहिला बदल किती मिनिटाला करतात, एक गोल पुढं असताना कोणत्या फॉर्मेशनला जातात, दाब कधी टाकायला सांगतात. बहुतेकांची दाब टाकायची खूण म्हणजे गोलकीपरकडं दिलेला बॅक पास. मग पहिल्या वीस मिनिटांत बॅक पास मुद्दाम द्या. त्यांची पुढची फळी धावत येते, मधली फळी सवय नसल्यानं मागंच राहते, आणि दोघांच्या मध्ये पंधरा-वीस यार्डांची मोकळी जागा पडते. गोलकीपरनं तिथं उंच नाही, छातीच्या उंचीचा बॉल टाकायचा. गोलकीपरचा पाय कच्चा असेल तर हा उद्योग करू नका, स्वतःवरच गोल घ्याल.

सरांची आपल्याबद्दलची माहिती शिळी होत जाते. दीड-दोन महिन्यांत फिटनेस बदलतो, एखादा नवीन पोरगा उगवतो. म्हणून लगेचची लढत अवघड, सीझनअखेरची सोपी.

दक्षिण स्टँड
चाहत्यांसाठी थोडं. सरांचा फोटो असलेला जुना फ्लेक्स फाडू नका, जाळू तर नकाच. त्याचा काळा धूर आणि व्हिडिओ दोन्ही दूर जातात. नवीन बॅनर मांजरपाटावर, ऑइल पेंटनं रंगवा. रात्रभर वाळू द्या, नाहीतर घडीला अक्षरं चिकटतात. दहा फुटांच्या वर लांबी असेल तर मध्ये चार-पाच अर्धगोल चिरा द्या, वारा त्यातून निघून जातो. मैदानाच्या जाळीला बांधताना सुंभ नको, ओलं झालं की गाठ सुटत नाही. मजकूर आधी आयोजकांना दाखवा. घरच्यांचा, जातीचा, गावाचा उल्लेख आला की क्लबवर कारवाई होते आणि भोगतात खेळणारी पोरं.

सरांना चिडवून टेक्निकल एरियाबाहेर (बाकासमोरच्या आखलेल्या जागेबाहेर) काढायची आयडिया काही जण लढवतात. २०१९ पासून कोचलाही पिवळं-लाल कार्ड मिळतं हे खरं, पण मुरलेला माणूस चिडत नाही. आपलाच बाकावरचा पोरगा उलट बोलतो आणि कार्ड खातो.

पालक, मिरज
पालकांनी विचारायचं ते : भरलेली फी क्लबची की कोचची? पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा, परतावा तिथूनच मिळणार. नवीन कोचकडं कोचिंगचं डी किंवा सी लायसन्स आहे का? गोलकीपरसाठी वेगळा माणूस आहे का?

सरांच्या मागं मुलाला पाठवायचं असेल तर संध्याकाळचा हिशोब करा. सराव सातला संपतो. वडापची (शेअर जीपची) वाट बघत पोरगं मिरज-सांगली रस्त्यावर अंधारात उभं राहणार, घरी येईपर्यंत आठ, सव्वाआठ. दहावीचं वर्ष असेल तर हा प्रश्न निष्ठेचा राहतच नाही. आणि मुलगा स्पर्धेत एका क्लबकडून उतरला असेल तर चालू स्पर्धेत दुसऱ्याकडून चालतो का, हे आयोजकांना लेखी विचारल्याशिवाय टी-शर्ट बदलू नका.

शाहूपुरी, सातारा
मैदानाचं राहिलंच. सांगलीची काळी माती पावसात बुटाच्या स्टडला लाडवासारखी चिकटते, आमचा मुरूम निचरा करतो पण ढोपरं सोलतो. गोलसमोर पाणी कुठं साचतं हे सर जाणून असतात, त्यांची पोरं बॉल तिथंच मारणार. मॅचच्या चार दिवस आधी भर घालून रोलर फिरवा. आदल्या दिवशी घातलेली भर वर तरंगते, तिच्यापेक्षा खड्डा बरा. बॉलची हवा नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर (बारमध्येही जवळपास तेवढीच) चालते. ओल्या मैदानावर खालच्या बाजूला ठेवायची सवय सरांनी लावली असेल, तर यजमान म्हणून बॉल आपण देणार आहोत हे लक्षात ठेवा.

नवीन सभासद
रविवारी लढत आहे. शनिवारी काय करू? पोरं झोपत नाहीत, ग्रुपवर भडका आहे.

डगआउट, विश्रामबाग
शनिवारी ४० मिनिटं, त्याच्या वर नाही. कॉर्नर चालत चालत, बॉलला जोर न लावता, दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा. पेनल्टी मारणाऱ्यानं पाच मारायच्या आणि घरी. नवीन काही शिकवू नका. ग्रुप रविवारी दुपारपर्यंत 'फक्त ॲडमिन' वर ठेवा, आणि जमायची वेळ, जर्सीचा रंग, पाण्याच्या बाटल्या कोण आणणार एवढाच मेसेज टाका.