कॅथलिक मुलगी, प्रोटेस्टंट मुलगा: लग्न कुठल्या चर्चमध्ये लावावं?

वाटसरू: दोघंही आपापल्या मंडळीत नियमित जातात, चर्च कुणालाच बदलायचं नाही. लग्न मुलाच्या चर्चमध्ये लावलं तर मुलीच्या चर्चला मान्य होतं का? की दोन्हीकडे एकेकदा लावावं? शिवाय मुलं कॅथलिकच होतील असं मुलाकडून लिहून घेतात म्हणे. त्यावरून मुलाच्या घरचे अडून बसलेत.

अनुराधा_न: दोनदा मुळीच लावू नका. संमतीची देवाणघेवाण एकदाच होते. त्याआधी किंवा नंतर दुसरा धार्मिक विवाहविधी करायला कॅथलिक चर्चच्या कायद्यात, कॅनन (कलम) ११२७ मध्ये, स्पष्ट मनाई आहे.

कॅथलिक चर्चमध्ये लावायचं तर बिशपांची मिश्रविवाहाची परवानगी लागते. मुलाच्या चर्चमध्ये लावायचं तर तिच्या जोडीला कॅथलिक विवाहविधीतून सूटही हवी. दोन्हींसाठी अर्ज मुलीच्या फादरमार्फत जातो. गाडी अडते ती इथेच: हॉल ठरतो, पत्रिका छापून होतात आणि मग फादरांना भेटायला जातात. सूट न घेता लावलेलं लग्न कॅथलिक चर्चच्या लेखी वैध ठरत नाही. नंतर दुरुस्त करता येतं, पण तो मनस्ताप हवा कशाला?

मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढा, साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला मागतात. बाप्तिस्मा झालेल्या चर्चच्या नोंदवहीत त्याच नोंदीपुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि विवाहही लिहिले जातात, त्यामुळे आधी लग्न झालेलं नाही हे ताज्या दाखल्यावरूनच कळतं. कपाटातला जुना दाखला इथे कामाचा नाही. मुलाच्या दाखल्यावरून बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाल्याचं कळलं पाहिजे. तसा झाला असेल तर बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत.

जुनी_वही: मुलं कॅथलिक होतील या वचनाबद्दल. चर्चच्या कायद्याच्या १९१७ च्या संहितेत दोघांकडूनही हमी घेत, म्हणून जुन्या मंडळींच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी हा नियम बदलला आणि १९८३ च्या संहितेत नवाच नियम कायम राहिला. आता वचन फक्त कॅथलिक व्यक्ती देते: श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व शिक्षण मिळावं म्हणून शक्य ते सगळं करेन. मुलाला फक्त या वचनाची कल्पना देतात, त्याच्याकडून वचन मागत नाहीत. मुलाच्या घरच्यांना हे फादरांच्या तोंडून ऐकू द्या. मात्र मुलांचा बाप्तिस्मा कुठे, हे दोघांनी लग्नाआधी बोलून घ्यावं. बाळ झाल्यावर हा प्रश्न आजी-आजोबांच्या हातात जातो आणि मग घर दुभंगतं.

पाळक_सहायक: मुलाच्या पाळकांनाही पहिल्यापासून सोबत घ्या. विवाह प्रोटेस्टंट मंडळीत संस्कार मानत नाहीत, पण देवापुढचा करार म्हणून तितकाच गंभीर मानतात. कॅथलिक चर्चमध्ये लग्न लागलं तरी पाळक बायबलमधलं वचन वाचू शकतात, प्रार्थना आणि आशीर्वाद देऊ शकतात. शपथा मात्र एकाच सेवकाने घ्याव्यात. मिस्साविना (ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, देण्याच्या उपासनेविना) असलेला विवाहविधी निवडा असं माझं ठाम मत आहे. मिस्सा ठेवली की ख्रिस्तप्रसाद सहसा कॅथलिकांनाच देतात, त्यामुळे त्या वेळी निम्मी मंडळी बाकावर बसून राहतात, बऱ्याचदा नवरासुद्धा.

लग्नानंतर रविवार कुठे, दानाची विभागणी कशी, हेही आताच ठरवा. घरची संध्याकाळची प्रार्थना तर पहिल्या दिवसापासून एकत्र करा. स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना दोघांचीही आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.