कॅनेडियन फुटबॉलचे मैदान आखूड करणे योग्य आहे का?

प्रेअरीकर (रिजायना)

कॅनेडियन फुटबॉल लीगचे आयुक्त स्ट्यूअर्ट जॉन्स्टन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जे नियमबदल जाहीर केले, त्यांवर इथल्या मराठी चाहत्यांची मते जाणून घ्यावीत म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. आपले मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असते, अमेरिकन मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडे अधिक रुंद असते. आपल्याकडे प्रत्येक बाजूला १२ खेळाडू असतात, त्यांच्याकडे ११. दहा यार्ड पुढे जाण्यासाठी आपल्याला तीन डाउन, म्हणजे तीन प्रयत्न, मिळतात, त्यांना चार. आपले गोलखांब गोलरेषेवरच उभे असतात आणि त्यांच्यामागे २० यार्डांचा एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाचा पट्टा, असतो. २०२७ पासून मैदान १०० यार्डांचे होईल, एंड झोन १५ यार्डांचा होईल आणि गोलखांब एंड झोनच्या मागच्या रेषेवर जातील. रुंदी, १२ खेळाडू आणि तीन डाउन कायम राहतील.

मी या बदलांच्या विरोधात आहे, आणि त्याचे कारण एका विशिष्ट प्रसंगात आहे, ज्याला आम्ही हुकलेल्या फील्ड गोलचा परतावा म्हणतो (फील्ड गोल म्हणजे किक मारून चेंडू गोलखांबांमधून नेणे, त्याचे तीन गुण). २०११ साली मी रिजायनाला आलो. त्याच वर्षी शेजारच्या काकांनी मला जुन्या टेलर फील्डवर नेले. ते आयुष्यभर सस्कॅचेवान रफरायडर्सचे चाहते होते. पाहुण्या संघाची किक हुकली तेव्हा मला वाटले की आता खेळ थांबेल, पण काका उठून उभे राहिले होते. गोलखांब पुढे असल्यामुळे हुकलेला चेंडू त्यांच्या मागच्या पट्ट्यात पडतो, तिथे एकटा उभा असलेला खेळाडू तो झेलतो, आणि मग त्याला क्षणात ठरवावे लागते की तिथेच गुडघा टेकून प्रतिस्पर्ध्याला एक गुण द्यायचा, की जिवाच्या आकांताने बाहेर धावायचे. समोर किक मारणाऱ्या संघाचे धिप्पाड, जड गडी असतात, आणि ६५ यार्ड रुंद मैदानात त्यांना बगल देऊन निघण्यासाठी मुबलक जागा असते. २००७ साली टोरांटोच्या बशीर लेव्हिंग्स्टनने असा चेंडू १२९ यार्ड पळवून टचडाउन केला होता, म्हणजे तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये नेला होता. २०२७ नंतरच्या मैदानावर तेवढी लांबीच उरणार नाही, आणि खांब मागच्या रेषेवर गेल्यावर हुकलेले बहुतेक चेंडू सरळ मैदानाबाहेर जातील, त्यामुळे हा प्रसंग खेळातून जवळजवळ नाहीसा होईल.

या एका गुणाला रूज म्हणतात. त्याचा नियम २०२६ मध्येच बदलतो आहे. चेंडू कोणाच्याही हाताला न लागता एंड झोनमधून बाहेर गेला तर यापुढे गुण मिळणार नाही, मात्र परतावा करणारा आत अडकला तर मिळेल. हा बदल मला मान्य आहे, कारण वाया गेलेल्या किकला बक्षीस मिळू नये हा मुद्दा रास्त आहे. प्रत्येक खेळीनंतर आपोआप सुरू होणारे ३५ सेकंदांचे घड्याळही मला पटते. पण मैदानाची मापे हे या खेळाचे शरीर आहे, आणि मी ज्या खेळाचा चाहता झालो तो या मापांमधून घडलेला आहे.

मुक्काम स्कारबरो

आपल्या भावनेचा मी आदर करतो, परंतु आपण रिजायनात राहता आणि मी टोरांटोत, आणि या दोन शहरांमधून हा खेळ अगदी वेगळा दिसतो. रिजायना ही जेमतेम सव्वादोन लाख लोकवस्तीची नगरी आहे, तिथे रफरायडर्स हाच गावाचा संघ आहे आणि तो समाजाच्या मालकीचा आहे. आमचा अर्गोनॉट्स १८७३ साली स्थापन झालेला संघ आहे, त्याने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ग्रे कप (लीगचा विजेता करंडक) जिंकला, आणि तरीही सरोवराकाठच्या मैदानावर मी कित्येक संध्याकाळी अर्ध्या रिकाम्या गॅलऱ्यांमध्ये बसलो आहे. माझी दोन्ही मुले इथेच जन्मली. रविवारी ती बफेलोचा अमेरिकन संघ पाहतात, आणि अर्गोनॉट्सचा विषय काढला की उठून जातात. हे पाहणे मला क्लेशदायक वाटते.

लीगच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे या बदलांमुळे हंगामाला सुमारे ६० टचडाउन वाढतील. गोलखांब रेषेवर असल्यामुळे क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, मधल्या भागात फेक टाकता येत नाही, कारण चेंडू खांबाला लागला की ती फेक वाया जाते, आणि चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला खांबावर आदळण्याची भीती असते. अमेरिकन लीगनेही १९३३ पासून खांब गोलरेषेवर ठेवले होते. १९७४ मध्ये ते मागे नेले, आणि त्यामुळे त्या खेळाची ओळख हरवली असे आज कोणी म्हणत नाही.

आपलाही खेळ कधीच स्थिर नव्हता. १९५६ पर्यंत टचडाउनला पाच गुण मिळत, नंतर ते सहा झाले. एंड झोन १९८६ पर्यंत २५ यार्डांचा होता. म्हणजे आपण ज्या २० यार्डांसाठी हळहळता आहात, तेसुद्धा एका काटछाटीतूनच आलेले आहेत. शिवाय टोरांटोच्या मैदानात पूर्ण २० यार्ड बसत नाहीत, तिथे १८ यार्डांवरच काम चालते. उद्या हॅलिफॅक्सला संघ द्यायचा झाला तर १०० यार्डांचे मैदान बांधणे निश्चितच सोपे जाईल.

कबड्डीचा माणूस (सांगली)

मी कॅनडात कधी आलेलो नाही, पण भाऊ विनिपेगला असल्यामुळे हे सामने अधूनमधून पाहतो, आणि हा वाद मला ओळखीचा वाटतो. आमच्याकडे कबड्डी मातीवरून मॅटवर गेली, मग २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, तीस सेकंदांची चढाई आणि तिसऱ्या रिकाम्या चढाईला ‘करो या मरो’ हे नियम घरोघर पोहोचले. माझे वडील मातीवर खेळलेले. मॅटवरचा खेळ त्यांना सुरुवातीला परका वाटला, पण चढाई करणाऱ्याचा दम आणि साखळीची पकड तीच आहे हे पाहिल्यावर ते पुन्हा सामने पाहू लागले. म्हणून माझा प्रश्न असा आहे की कॅनेडियन फुटबॉलमध्ये दमाच्या जागी नेमके काय आहे? ते जर तीन डाउन आणि रुंद मैदान असेल, तर ते शाबूत आहे.

हॅमिल्टनकर

सांगलीच्या मित्राने अचूक प्रश्न विचारला आहे. माझे उत्तर असे की तीन डाउन आणि लांबरुंद मैदान हे एकमेकांच्या आधाराने चालतात. तीन डाउनमध्ये दहा यार्ड काढणे अवघड असते, म्हणून चेंडू वारंवार पंट केला जातो, म्हणजे लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडला जातो, म्हणून परतावा करणाऱ्याला महत्त्व येते, आणि म्हणून त्याला धावायला जागा लागते. यातला एक दुवा ढिला केला की बाकीचेही ढिले पडतात.

मला दुसरीही एक चिंता आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. माझा मुलगा शाळेच्या संघात खेळतो. इथल्या शाळा आणि विद्यापीठे पिढ्यानपिढ्या ११० यार्डांच्या मैदानावर खेळत आली आहेत, आणि त्यांचे खांब जमिनीत पक्के रोवलेले आहेत. ती मैदाने नव्याने आखायची तर खर्च कोणी करायचा, आणि नाही आखली तर मुलांनी एका मापावर शिकायचे आणि व्यावसायिक खेळाडूंनी दुसऱ्या मापावर खेळायचे का? बीसी लायन्सचा क्वार्टरबॅक नेथन रॉर्क हा कॅनेडियन मुलगा आहे, २०२५ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू आहे, आणि त्याने या बदलांना उघडपणे, कडक शब्दांत विरोध केला. त्याचे म्हणणे आधी ऐकायला हवे होते.

आणि अमेरिकेच्या जवळ जाण्याचा प्रयोग आपण एकदा केलेला आहे. १९९३ ते १९९५ या काळात लीगने अमेरिकन शहरांत संघ काढले, १९९५ चा ग्रे कप तर बाल्टिमोरने जिंकला, आणि १९९६ च्या हंगामात तिथला एकही संघ उरला नाही. लीग टिकली ती हॅमिल्टन, रिजायना, विनिपेग अशा गावांच्या बळावर.

मुक्काम स्कारबरो

१९९५ चा दाखला इथे लागू होत नाही असे मला वाटते. तेव्हा आपला खेळ अमेरिकन प्रेक्षकांना विकायचा होता, आता तो कॅनडातल्याच मुलांपर्यंत न्यायचा आहे. शाळांच्या मैदानांचा मुद्दा मात्र मी विचारात घेतला नव्हता. तो गंभीर आहे, आणि लीगने त्यासाठी पैसा उभा केला पाहिजे हे मी मान्य करतो. पण गावांच्या बळाबद्दल सांगायचे तर एडमंटनचा संघही अनेक दशके समाजाच्याच मालकीचा होता, आणि २०२४ मध्ये तो खासगी मालकाला विकावा लागला. आज आपले स्टेडियम भरलेले आहे, म्हणून आपल्याला ही घाई अनाठायी वाटते.

प्रेअरीकर (रिजायना)

एडमंटनचे उदाहरण मला मनापासून टोचले, कारण ते खरे आहे. तरीही १९७४ च्या तुलनेत एक उणीव आहे. आज ३५ यार्डांच्या रेषेवर तिसरा डाउन आला तर प्रशिक्षक साधारण ४२ यार्डांची फील्ड गोल मारतो. खांब १५ यार्ड मागे गेल्यावर तीच किक ५७ यार्डांची होईल. अमेरिकन प्रशिक्षकाच्या हाताशी चार डाउन असतात, त्यामुळे तिसरा फसला तरी तो आणखी एकदा प्रयत्न करू शकतो. आपल्याकडे तिसरा हाच शेवटचा असतो, आणि सहा-सात यार्ड हवे असतील तर बहुतेक प्रशिक्षक धोका न पत्करता पंट करतील. म्हणजे जिथे आज तीन गुण मिळतात तिथे काहीच मिळणार नाही. मग काही वर्षांनी कोणीतरी म्हणेल की गुण घटले, आता चौथा डाउन द्या. जॉन्स्टन यांनी तीन डाउन राहतील असे सांगितले आहे आणि त्यांच्या शब्दावर मी अविश्वास दाखवत नाही, पण मैदानच त्या मागणीला जन्म देईल अशी माझी भीती आहे.

चाहता म्हणून मी कुठे जाणार नाही, हेही सांगतो. २००९ च्या अंतिम सामन्यात माँट्रियलची शेवटची किक हुकली होती, पण आमच्या संघाचे मैदानावर तेरा खेळाडू निघाले, किक पुन्हा मारली गेली आणि आम्ही २८-२७ ने हरलो. इथल्या प्रेक्षकांनाच प्रेमाने ‘तेरावा खेळाडू’ म्हणतात, त्यामुळे ती जखम अधिक खोल गेली. मी तेव्हा इथे नव्हतो, पण काकांनी ती कहाणी मला इतक्यांदा सांगितली की ती माझीच झाली. २०१३ मध्ये याच गावात आम्ही कप जिंकला तेव्हा अल्बर्ट स्ट्रीटवर थंडीत ते माझा हात धरून उभे होते. २०२५ ला माँट्रियललाच २५-१७ ने हरवले, ते पाहायला ते राहिले नव्हते.

५५ यार्डांची मधली रेषा २०२६ मध्ये शेवटची आखली जाईल. लेबर डेच्या सामन्याला मी माझ्या मुलीला घेऊन एंड झोनमागच्या जागी बसणार आहे, कारण तिथून हुकलेला चेंडू झेलणारा खेळाडू पाठमोरा दिसतो आणि तो धावायला निघाला की त्याच्यासमोरचे सगळे मैदान आपल्यालाही त्याच्यासारखेच दिसते. ते तिने एकदा पाहावे अशी माझी इच्छा आहे.