गंगापूर धरण आणि नांदूरमधमेश्वर: मरळीतल्या पिवळ्या अळीची पॉप्युलेशन एकच की दोन?

गोदाकाठ_प्राणिशास्त्र:
नमस्कार. मी नाशिकला एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला माशांवरचे परजीवी घेतलेत. वर गंगापूर धरणाकडून आणि खाली निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरच्या अंगाला मासे विकणाऱ्यांकडून मरळ घेते. दोन्हीकडच्या मरळीत क्लिनोस्टोमम हा पर्णकृमी (चपटा परजीवी कृमी) अळीच्या अवस्थेत सापडतोय. कल्ल्याच्या झाकणाच्या आतून आणि शेपटीकडच्या मांसात मुगाएवढ्या पिवळ्या गाठी असतात. सुईने वरचा पडदा फाडून अळी सलाइनमध्ये सोडली की ती हळूहळू उलगडते, पुढचं टोक आत-बाहेर करत राहते. पोटाकडचा मोठा चूषक नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

या दोन जागांच्या मध्ये अख्खं शहर आहे, बंधारे आहेत. मासा वर चढून जाणं अवघड. म्हणजे परजीवीची पॉप्युलेशनसुद्धा वेगळी असावी असं वाटतं. सीओ१ जनुक (मायटोकाँड्रियातलं, जाती आणि वंश ओळखायला वापरतात ते) बघायचं ठरतंय. एकेका माशात भरपूर अळ्या निघतात, तर दोन्हीकडचे दोन-तीन मासे पुरतील का? आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले नमुने चालतील का?

सूक्ष्मदर्शी:
फॉर्मॅलिन आजपासून बंद करा, आधी तेवढं. त्यातल्या नमुन्यातून धड डीएनए निघत नाही. अळी सलाइनमध्ये धुवा आणि सरळ ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाका. मागचा छोटा तुकडा डीएनएसाठी कापून घ्या, उरलेली अळी बोरॅक्स कार्माइनने रंगवून स्लाइड करा. क्लिनोस्टोममच्या जाती दिसायला इतक्या सारख्या असतात की सीओ१ वाचल्यावर एकाच नावाखाली दोन जाती निघू शकतात. तेव्हा ज्या अळीचा डीएनए वाचला, तीच स्लाइडवर हवी.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही मासा किती फिरतो ते बघताय, पण या परजीवीचं आयुष्य माशात संपत नाही. प्रौढ क्लिनोस्टोमम बगळ्याच्या तोंडात आणि घशात राहतो. तिथून अंडी पाण्यात पडतात, मग गोगलगाय, मग मासा, आणि मासा खाल्ला की परत बगळा. राखी बगळ्याला गंगापूर ते नांदूरमधमेश्वर हे अंतर काहीच नाही. परजीवीची जनुकं किती दूर जातात हे त्याच्या सगळ्यात फिरत्या यजमानावर, म्हणजे ज्या प्राण्यांत तो राहतो त्यांतल्या सगळ्यात फिरत्या प्राण्यावर, ठरतं. क्रिसियोन आणि ब्लाउइन यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या वायव्येकडच्या नद्यांतल्या सामन कुळातल्या माशांवर हेच दाखवलं. ज्या पर्णकृमींचं सगळं जीवनचक्र पाण्यातच पूर्ण होतं, त्यांच्या पॉप्युलेशन नदीनुसार बऱ्याच वेगळ्या निघाल्या. ज्याचं चक्र पक्षी किंवा सस्तन प्राण्यांतून जातं, त्याची जनुकं नद्यांमध्ये मिसळलेली होती. नांदूरमधमेश्वर हे २०१९ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, ते मुख्यतः पाणपक्ष्यांमुळे. तुमच्या अळ्यांत फरक दिसला नाही तर मला जराही आश्चर्य वाटणार नाही.

दोन-तीन मासे मात्र अजिबात पुरणार नाहीत. गोगलगायीच्या आत एकाच लार्व्हाची अलैंगिक वाढ होऊन शेकडो सर्केरिया (माशात शिरणाऱ्या पोहत्या अळ्या) बाहेर पडतात, आणि त्या सगळ्या जनुकीयदृष्ट्या एकच. एका मरळीतल्या वीस अळ्या म्हणजे वीस स्वतंत्र नमुने असं धरून चालत नाही. वाहत्या पाण्यात त्या मिसळतात, त्यामुळे क्लोन (अशा एकसारख्या अळ्या) कमीही निघतील. पण ते तपासून म्हणायचं, गृहीत धरून नाही. मासे जास्त घ्या, आणि प्रत्येक माशातून एखाददुसरी अळी.

धरणावरचा:
ताई, मी मासेमारी करणाऱ्या घरातला आहे, जनुकातलं मला कळत नाही. पण विकायला बसलेल्याने 'गंगापूरची मरळ' म्हटलं म्हणून ती गंगापूरची असेलच असं नाही. मरळ वरची हवा घेते, ओल्या गोणपाटातही तासन्‌तास जिवंत राहते. म्हणून व्यापारी ती जिवंतच ड्रममधून कुठून कुठे नेतात. पहाटे जाळं काढतात तेव्हा काठावर उभं राहून घ्या. आणि नांदूरमधमेश्वरला अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकायच्या आधी वनविभागाची लेखी परवानगी काढा, नाहीतर सगळं काम अडकेल.

कटला-रोहूचं तर विचारूच नका. बीज (माशांची पिल्लं) बाहेरून प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून येतं आणि धरणात सुटतं.

गोदाकाठ_प्राणिशास्त्र:
दोघांचेही मनापासून आभार. मासे आता काठावरूनच घेईन, परवानगीचा अर्ज याच आठवड्यात देते. पण सर, फरक निघालाच नाही तर प्रबंधात लिहू काय?

सूक्ष्मदर्शी:
वरच्या दादांनीच उत्तर दिलंय बघा. रोहूच्या कल्ल्यांवरचा डॅक्टिलोगायरस हा बारीक परजीवी कृमी सोबत घ्या. त्याला ना गोगलगाय लागते ना बगळा. अंड्यातून निघालेली पोहणारी अळी सरळ दुसऱ्या माशाच्या कल्ल्याला चिकटते. तो फिरतो फक्त माशाबरोबर. कटला, रोहू, मृगळ मुळात गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडे आले ते बीजातून. त्यांचे कल्ल्यांवरचे परजीवीही त्याच पिशव्यांतून आले असतील, तर मूळ विविधतेतला थोडाच हिस्सा इथे पोहोचलेला दिसेल, आणि दोन जलाशयांतलं साम्य नदीपेक्षा बीज कुठून आलं त्यावर ठरेल. नॉर्वेत १९७० च्या दशकात बाल्टिककडच्या माशांबरोबर गायरोडॅक्टिलस सॅलारिस हा तसाच माशाला चिकटणारा परजीवी गेला आणि नद्यांतला सामन उद्ध्वस्त झाला. तो एकापेक्षा जास्त वेळा आला होता, हे पुढे मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून कळलं.

म्हणजे त्याच दोन जागा, पण एक परजीवी पक्ष्यातून फिरणारा आणि एक माशालाच चिकटून राहणारा. गंगापूरला कोणत्या वर्षी कुठल्या केंद्राचं बीज सोडलं याच्या नोंदी मत्स्यव्यवसाय विभागाकडे मागा. प्रबंधात त्या लागतीलच. एक मात्र बघा: सीओ१ फक्त आईकडून येणारी वंशरेषा दाखवतं. निदान क्लिनोस्टोममसाठी आयटीएस (पेशीकेंद्रातल्या डीएनएचा एक भाग) जोडीला ठेवा, म्हणजे जात तरी पक्की होईल. आणि रोहूचे कल्ले मासा मेल्या मेल्या कापून इथेनॉलमध्ये टाका. उशीर झाला तर डॅक्टिलोगायरस गळून जातो, आणि रिकामे कल्ले बघून परजीवी नव्हताच अशी नोंद होते.