डांग्या खोकल्याची लस सर्रास द्यायला लागल्यावर तिच्यावर लक्ष कोण ठेवतं?

पहिलटकरीण: मला सातवा महिना लागलाय. डॉक्टरांनी धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची एकत्र लस सुचवलीय. बाळाला जन्मापासून संरक्षण मिळतं, हे पटलं. पण चाचण्या मोजक्याच जणींवर होतात ना? पुढे लाखो जणींना देताना काही बिनसलं तर ते कळतं कसं? लस घेतल्यावर पोटातलं बाळ दगावल्याची एक नोंद वाचली, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

नोंदवही: ताई, माझं कामच अशा नोंदी तपासण्याचं आहे. आधी तारखा बघते: लस कधी, त्रास कधी. मग बॅच नंबर, आधीची दुखणी. पण एकट्या नोंदीवरून ‘लसीनंतर’ झालं की ‘लसीमुळे’, हे ठरत नाही. लस न घेतलेल्या बायकांचीही काही बाळं दगावतात, म्हणून तुलना करावीच लागते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून गरोदर बायकांना ही लस द्यायला लागले, तेव्हा तिथल्या औषध नियामकानं फॅमिली डॉक्टरांकडच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदींवरून लस घेतलेल्या २०,०७४ जणींचं पुढे काय झालं ते पाहिलं. लसीनंतरचे १४ दिवस वेगळे काढून तपासले. मूल मृत जन्मण्याचा धोका वाढल्याचं आढळलं नाही. २०१४ मध्ये ते छापूनही आलं. तुमची भीती नेमकी हीच होती, आणि ती कुणीतरी मुद्दाम तपासली आहे.

दोन लेकरांचा बाबा: पण लहान मुलांच्या जुन्या लसीनं मेंदूला इजा व्हायची म्हणतात, त्याचं काय?

नोंदवही: त्या लसीनं ताप जास्त यायचा, तापात झटके यायचे, हे खरं आहे. कायमच्या इजेचा प्रश्न मात्र वेगळा. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशी १४ मुलं तपासली, ज्यांचा दोष लसीवर टाकला होता. ११ जणांत फिटच्या एका गंभीर आजाराचा जनुकीय दोष निघाला. त्या घरांनी किती वर्षं स्वतःला बोल लावला असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिलटकरीण: मग मला नुसता ताप आला, दंड सुजला, तरी कळवायचं?

नोंदवही: हो, बिनधास्त कळवा. बॅच नंबर कार्डावर लिहून घ्या, तो बहुतेक वेळा राहून जातो. ताप मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा.