मदत हवी आहे: कोकम सरबताच्या बाटल्या पिचकल्या (तातडीचं)

पाणंदवाट: कोकम सरबताचा पाक करून चाळीस बाटल्या भरल्या. आज बघते तर बावीस कमरेत आत गेल्यात, कुणी मुठीत आवळल्यासारख्या. उरलेल्यांतल्या अकरा उलट तट्ट फुगल्यात. पाक एकच, बाटल्या एकाच गोणीतल्या, खोली एकच. उद्या तुतारी एक्स्प्रेसने दादरला माल जायचाय. लवकर सांगा. साखर वाईट वगैरे नको.

सड्यावरचा: बाटल्या काचेच्या की प्लॅस्टिकच्या?

वाफाळता_चहा: काच पिचकते होय?

सड्यावरचा: बरं, प्लॅस्टिक. गरम भरलं की गार? वर मोकळं किती ठेवलंत?

आगरातली_काकी: बाय गो, उकळवलंस कित्याक? आमी कोकमा चिरून साखरेत घालतंव, बरणी आठ दिस उन्हात. माझ्या आवशीची बरणी कधी फुगाक नाय.

पाणंदवाट: काकी, जूनमध्ये ऊन कुठून आणू? गरमच भरला, वर चार बोटं मोकळी.

दर्यावर्दी: समुद्रात कमी दाबाचा पट्टा आलाय. बाहेरचा दाब उतरला की बाटल्या फुगतात. साधं विज्ञान.

निवृत्त_मास्तर: मग बावीस पिचकल्या त्या कशाने? बाहेरचा दाब सगळ्यांना सारखाच. आणि दहा मिलिबार उतरला तरी तो एक टक्का.

पिचकलेल्यांचा हिशेब असा. पाक ८५ अंशांवर भरला तर वरच्या चार बोटांत हवेपेक्षा वाफ जास्त. पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर दाबातले सुमारे ४३० वाफेचे, ३३० हवेचे. बूच लावलं, बाटली ३० अंशांवर निवली. वाफेचं पाणी झालं, तिचे ३२ उरले. हवाही आकसली, तिचे २८०. आत ३१०, बाहेर ७६०. बाहेरची हवा दाबणारच, आणि ही पातळ बाटली सत्तरच्या पुढे मऊ पडते. (पाकावर वाफेचा दाब थोडा कमी असतो, मी पाण्याचा धरलाय.) यातला माल बिघडलेला नाही, बूच घट्ट बसलंय एवढंच.

दर्यावर्दी: आमच्या विजयदुर्गात १८६८ साली हेलियम सापडला. आम्हाला वायू शिकवू नका.

वाफाळता_चहा: सापडला तो सूर्यात. १८ ऑगस्टच्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज लॉकियरने ऑक्टोबरात इंग्लंडातूनच बघितलं.

दर्यावर्दी: मग किल्ल्यावर दुर्बिणीसाठी बांधले म्हणतात ते साहेबाचे ओटे काय गुरं बांधायला?

पाणंदवाट: अहो माझ्या बाटल्या!!

घाटमाथा: आंबोलीत आमची डाळ शिजत नाही ती याचमुळे. ६९० मीटरवर पाणी ९८ च्या आतच उकळतं. कुकरचं रबर बदलून बघा.

सड्यावरचा: कुकरचं कुणी विचारलंय? पाणंदवाट, चाळीसही बाटल्या एकाच वेळी भरल्यात का?

पाणंदवाट: बावीस शनिवारी रात्री. मग लाइट गेली, उरलेला पाक टोपात राहिला, तो रविवारी दुपारी भरला. पण पाक तोच ना?

सड्यावरचा: हे आधी सांगायचं होतंत! टोपावर झाकण होतं? परत उकळलात?

पाणंदवाट: फडकं टाकलं होतं. परत कशाला उकळू, सिलिंडर संपत आलेला. साखर जरा कमी घातली होती, मुंबईवाल्यांना कमी गोड लागतं म्हणून.

निवृत्त_मास्तर: मग झालं. गार पाकात रातोरात यीस्ट शिरलं, साखर कमी म्हणून त्याला कुणी अडवलं नाही. एक ग्रॅम साखर आंबली तरी पाव लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, तो बंद बाटलीत जाणार कुठे? नुसत्या उकाड्याने हवा एवढी फुगत नाही. २८ वरून ४० अंश झाले तरी चारच टक्के. फुगलेल्या मोरीत न्या, तोंड लांब धरून बूच सावकाश सैल करा, ओतून टाका. रविवारच्या ज्या सात अजून शांत आहेत त्याही पाठवू नका.

सड्यावरचा: पिचकलेल्यांतला पाक टोपात काढून साखर पुरी करा, ८५ पर्यंत तापवा. काचेच्या बाटल्या गरम पाण्यातून काढून लगेच भरा, बूच लावून पाच मिनिटं आडव्या ठेवा. टिकायला सोडियम बेंझोएट, मापूनच. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) नको, कोकमाचा लाल रंग उतरतो.

आगरातली_काकी: बेंझोएट नको गो. मीठ घाल.

सड्यावरचा: काकी, ते आगळ झालं, खारवलेला कोकमाचा रस. त्यांना सरबत विकायचंय.

पाणंदवाट: सकाळी त्या शांत सातांतल्याही पाच फुगल्या. सगळ्या अठरा ओतल्या. पहिलीचं बूच घाईत काढलं, कौलाला लागलं, मोरीची भिंत लाल. काचेच्या फक्त वीसच मिळाल्या, त्या भरून स्टेशनवर दिल्या. दादरच्या वहिनी फोनवर म्हणाल्या, एवढ्याच?

आगरातली_काकी: पिचके बाटले टाकू नको. रॉकेलाक माका होये.